रिकाम्या केबिनचं इंजिन

पाचोऱ्याहून जळगावकडे जाताना रुळांच्या कडेला गोदामांची एक लांब रांग लागते. तिथल्या खाजगी यार्डात मी काम करते. मालगाडी मोठ्या लाईनवरून आत येते, तिचं इंजिन तिला सोडून निघून जातं. मग तिचे डबे सुटे करून काही खताच्या गोदामापुढे, काही सिमेंटच्या, काही मका भरायला, असे लावून द्यायचे असतात. या कामाला शंटिंग म्हणतात. त्यासाठी आमच्याकडे एक लहान पिवळं डिझेल इंजिन आहे.

मी लागले तेव्हा हे काम दोघांचं होतं. इंजिनात नाना असायचे आणि खाली रुळांवर मी. आयटीआय झालेली बाई खाली रुळांवर काम करणार म्हटल्यावर सासरी बरीच कुरकुर झाली होती. पण नवऱ्याच्या रिक्षावर घर भागत नव्हतं, म्हणून कुरकुर आपोआप थांबली. नाना धुळ्याचे. तिकडे एका गिरणीच्या यार्डात ते इंजिन चालवायचे. गिरणी बंद पडली तसे इकडे आले. यार्डामागच्या वस्तीत एक खोली घेऊन एकटे राहायचे आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी जळगावला जाऊन एरंडोल, पारोळा करत बसने धुळ्याला जायचे. बोलणं फार कमी. बोलले तर अहिराणी, तीही अर्धी इंजिनाच्या आवाजात जायची.

आमचं बोलणं हातांनी चालायचं. हात वर धरून हळूहळू खाली आणला की सावकाश ये. दोन्ही हात आडवे केले की थांब. डब्याला डबा लागला की मी मधे शिरायची, हवेचे पाईप जोडायची. दोन डब्यांच्या मधली ती जागा कोणालाच आवडत नाही. वर लोखंड, खाली लोखंड, आणि गाडी एक हात जरी हलली तरी माणूस उरत नाही. मी मधे शिरले की नाना ब्रेक लावायचे, कंट्रोलवरून हात काढायचे आणि उजवा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर काढून ठेवायचे. मी बाहेर येऊन त्यांना दिसेपर्यंत तो हात तसाच. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, नाना, हात का बाहेर काढता?

"तू भाहेर निंघस नही तोपावत मन्हा हात भाहेर ऱ्हाई," ते म्हणाले. "हात भाहेर शे म्हंजे इंजिनले हात नही."

त्यानंतर आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. पावसात त्यांची बाही भिजायची, उन्हात पत्रा तापलेला असायचा, तरी तो हात बाहेरच असायचा.

रिमोट आला तो दिवाळीनंतर. पुण्याकडची दोन माणसं येऊन इंजिनात आठवडाभर काहीतरी जोडत होती. आम्हाला वाटलं, दुरुस्ती चालली आहे. मग साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक पिवळी पेटी होती, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, तिला खांद्यात अडकवायचे पट्टे. वर दोन दांडे, काही बटणं, भोंग्याचं बटण वेगळं. शिकवायला आलेला माणूस मध्य प्रदेशातला होता, हिंदीमिश्रित मराठी बोलायचा. त्याने सांगितलं, ही पेटी छातीवर बांधायची आणि खाली उभं राहूनच इंजिन चालवायचं. जो माणूस डबे जोडतो तोच चालवणार. इशारे नकोत, गैरसमज नकोत.

"मग वर कोण बसणार?" मी विचारलं.

"वर कुणाची गरज नाही," तो म्हणाला. त्याने हे काही वाईट बुद्धीने म्हटलं नव्हतं. यंत्राचा एक गुण सांगितला, एवढंच.

नाना खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "माले काय करनं शे?"

साहेब म्हणाले, "नाना, तुम्ही सध्या वरच बसा. नवीन गोष्ट आहे, काही महिने कोणीतरी आत असलेलं बरं. फक्त कशाला हात लावायचा नाही."

मला ते काम आवडलं, हे मी लपवणार नाही. पहिल्यांदा दांडा पुढे ढकलला आणि समोरचं ते अवजड इंजिन घरघरत माझ्या दिशेने सरकलं, तेव्हा अंगावर काटा आला. घरी मला गॅसचा रेग्युलेटर बदलायलासुद्धा सासरे हात लावू देत नसत. नवऱ्याने रिक्षा स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. एकदा तो लेकीला घेऊन फाटकापाशी आला आणि दोघं तारेच्या कुंपणापलीकडून बघत राहिली. लेक म्हणाली, आई, तू पंख्याच्या रिमोटसारखं चालवतेस का? मी हसले. त्या दिवसांत मी खूप हसायची.

नाना मात्र वर बसून असायचे. चालकाच्याच जागी, हात मांडीवर, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे. त्यांच्या पुढ्यातला दांडा आपोआप हलायचा नाही, पण इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा आणि ते निघायचं किंवा थांबायचं. सुरुवातीला माझा हात कच्चा होता. एकदा डब्यावर डबा जरा जोरात आपटला. आत बसलेल्या नानांना धक्का बसला असणार, कारण त्यांचा हात सवयीने ब्रेकवर गेला आणि सगळं जागच्या जागी उभं राहिलं. शिकवणारा माणूस धावत गेला.

"काका, हात लावू नका म्हटलं होतं ना? तुम्ही मधे हात घातला तर हिला कळणार कसं काय झालं ते?"

"लावनार नही," नाना म्हणाले. पुढे त्यांनी खरंच कधी लावला नाही. धक्का बसला तर खिडकीची चौकट धरायचे.

मी एकदा चहाच्या वेळी त्यांना म्हटलं, "नाना, माझं चुकत असलं तर सांगा."

"तुन्हं बरं चालू शे," ते म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. मला वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. होळीपर्यंत माझा हात बसला होता आणि ते त्यांना वर बसल्या बसल्या कळत होतं. माझा हात जसजसा बसत गेला तसतशी त्यांची वर बसायची गरज संपत होती. हेही त्यांना कळत असणारच.

होळीनंतर त्यांना खाली उतरवलं. साहेबांनी नोकरी ठेवली, तेवढा चांगुलपणा केला. यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ट्रकचा रस्ता आमचे रूळ ओलांडून जातो, तिथे एक साखळी होती. इंजिन यायचं असलं की साखळी लावायची, गेलं की काढायची. नानांना एक स्टूल, एक शिट्टी, एक पत्र्याची शेड मिळाली. डबे घेऊन त्या बाजूला गेले की मला ते दिसायचे. इंजिन आलं की स्टूलवरून उठून उभे राहायचे आणि ते पूर्ण निघून जाईपर्यंत बसायचे नाहीत. माझ्याकडे बघून मान हलवायचे. वर केबिनकडे बघत नसत.

एकदा दुपारी मी म्हटलं, चला, शेडपर्यंत इंजिनात बसून चला, पायी कशाला येता. मला वाटलं, बरं वाटेल त्यांना.

"नको," ते म्हणाले. मग, "रिकामं इंजिन दखं का मन्हा जीव घाबरस. त्यामा मी बसू, तरी ते रिकामंच शे."

ते पायीच शेडकडे निघाले.

मे महिना आमच्याकडे कसा असतो हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. रुळांवर थुंकी पडली तर चर्र करते. दुपारी हमाल गोदामाच्या आत, पोत्यांच्या थंडाव्याला जाऊन पडतात. पण गाडी ठरलेल्या वेळेत रिकामी करून द्यावी लागते, त्यामुळे माझं काम दुपारीही चालायचं. पूर्वी नाना वरून पाण्याची बाटली खाली द्यायचे, किंवा भोंगा दोनदा वाजवून मला सावलीत जायला लावायचे. आता मी माझीच होते. डोक्याला रुमाल, छातीवर पेटी, पेटीच्या मागे घामाने भिजलेला सदरा.

त्या दिवशी सकाळपासून डोकं जड होतं. खताचे डबे लावून झाले होते, सिमेंटचे राहिले होते. मी गाडीच्या कडेने चालत होते. आठवतं ते एवढंच, की खडीचे दगड पांढरे दिसायला लागले आणि कोणाचे तरी पाय माझ्याशेजारून चालत आहेत असं वाटलं. पुढचं मला आठवत नाही.

पेटीची एक रचना आहे. ती बांधलेला माणूस आडवा झाला, पेटी फार कलली, की इंजिन आपण होऊन ब्रेक लावतं आणि भोंगा वाजवत राहतं. त्या दिवशीही तसंच झालं. इंजिन माझ्यापासून बरंच अलीकडे थांबलं आणि वाजत राहिलं. तो आवाज गोदामात झोपलेल्या हमालांनी ऐकला. ऑफिसातल्या लोकांनीही एसीच्या बंद खिडकीतून ऐकला. सगळ्यांना वाटलं, बाई काहीतरी तपासून बघते आहे. पूर्वी भोंगा ऐकला की लोक केबिनकडे बघायचे, चालक काय म्हणतो ते बघायला. आता केबिनकडे बघण्यासारखं काही नव्हतं आणि मी दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात पडले होते, कोणाला दिसणारच नाही अशा जागी.

नानांना तो आवाज यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. ते तसे ऐकायला कमीच, आयुष्य इंजिनात गेलेलं. तरी त्यांना कळलं, असा सलग भोंगा कोणी माणूस वाजवत नाही. ते साखळी तशीच टाकून निघाले. सगळं यार्ड, त्या उन्हात, खडीवरून. हमाल नंतर सांगत होते की म्हातारा पळत होता, आणि पळताना प्रत्येक दोन डब्यांच्या मधे वाकून बघत होता.

मला शुद्ध आली तेव्हा डोळ्यांपुढे डब्याचा काळा तळ होता. त्यांनी मला ओढत डब्याच्या सावलीत आणलं होतं, पेटीचे पट्टे सोडले होते आणि त्यांच्या बाटलीतलं कोमट पाणी माझ्या डोक्यावर ओतत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, भात्यासारखा.

"ऊठू नको," ते म्हणाले. "पडी ऱ्हाय. कोठे लागनं का तुले?"

मी काहीतरी बोलले. त्यांनी ओरडून हमालांना बोलावलं. त्यांना ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

पाचोऱ्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात आहे, अजून थोडा वेळ तशीच पडली असती तर मूत्रपिंडं गेली असती. नवरा कॉटच्या पायथ्याशी उभा होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, तुझ्यासोबत कोणीच कसं नव्हतं.

मी कामावर परत गेले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. जूनअखेर यार्डात एक छोटा कार्यक्रम झाला. मंडप घातला, बॅनर लावलं. साहेबांनी नानांना शाल आणि नारळ दिला आणि चार शब्द चांगले बोलले. रिमोटची व्यवस्था किती भरवशाची आहे हेही सांगितलं, कारण इंजिन खरोखर थांबलं होतं. नानांनी शाल खांद्यावर ठेवून घेतली. फोटो काढला तेव्हा ते कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत होते. पेढे वाटले.

महिना संपला तसं नानांना कामावरून कमी केल्याचं कळलं. मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि मग स्क्रीनवर एक चित्रफीत दाखवली. साखळी खाली पडलेली. स्टूल रिकामं. खताने भरलेला एक ट्रक येतो, साखळी नाही म्हणून सरळ रुळांवर चढतो आणि मागची चाकं रुळांवर ठेवून, पुढे रस्ता अडलेला म्हणून, तिथेच थांबतो. बराच वेळ थांबतो. नंतर निघून जातो.

"इंजिन तर थांबलेलं होतं साहेब," मी म्हटलं. "मी पडले म्हणूनच ते गेले ना?"

"मला माहीत आहे. तुमचा जीव त्यांनी वाचवला, म्हणून तर सत्कार केला." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण साखळी सोडून गेले हेही खरं आहे. वरून माणसं आली, त्यांनी कॅमेरे तपासले. मी काय सांगू त्यांना? तसंही वय झालंय त्यांचं."

"मग त्यांनी काय करायला हवं होतं?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी उठून बाहेर आले आणि पेटी बांधली, कारण मक्याची गाडी आलेली होती.

श्रावणात मी नवऱ्याबरोबर धुळ्याला गेले. नानांचं घर पांझरा नदीच्या बाजूला, एका अरुंद गल्लीत. बायको म्हातारी, गुडघ्यांनी बेजार. मी त्यांना अक्का म्हणाले. त्यांनी बसल्या बसल्याच आमच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. नाना ओट्यावर बसले होते. वजन उतरलं होतं आणि दाढी वाढली होती. मला बघून त्यांना आनंद झाला असावा, कारण ते एरवीपेक्षा जास्त बोलले. तब्येत विचारली, लेकीची शाळा विचारली. पाणी पितेस का वेळच्या वेळी, असं दोनदा विचारलं.

मी म्हटलं, "नाना, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "मी गिरणीमा उनू तवय डबा हमाल ढकलेत. मन्हं इंजिन उनं, आनि हमालस्नी बठ्ठी टोळी घर गयी. त्यासमधला एक जन याच गल्लीमा ऱ्हाये. मरेपावत मन्हासंगे बोलना नही."

"तुम्ही काय केलं होतं त्यांचं?"

"काहीच नही." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "तोबी काही चूक नव्हता."

आम्ही जेवलो. निघताना नाना गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि नवऱ्याला म्हणाले, हिला उन्हात एकटी पाठवू नको. नवरा हो म्हणाला. त्याच्या हातात काय होतं म्हणा.

थंडी पडली तेव्हा नाना गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. अंत्ययात्रा दुपारी होती. मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, जा म्हणालो असतो, पण दोन गाड्या उभ्या आहेत आणि पेटी चालवणारं तुमच्याशिवाय कोण आहे? ते खरंच होतं. दुसरा माणूस अजून शिकत होता. पूर्वी मी गेले असते तर नानांनी एखाद्या हमालाला खाली उभं करून दिवस काढला असता. तसे दिवस त्यांनी काढलेही होते, माझ्या लेकीच्या आजारपणात. आता सगळं माझ्या एकटीच्या अंगावर बांधलेलं होतं. मी डबे लावत राहिले. मधे शिरताना दर वेळी इंजिनाच्या खिडकीकडे बघायची जुनी खोड आहे, त्या दिवशी ती फार नडली. शेवटी त्या बाजूला पाठ करून काम केलं.

तेराव्याला गेले. गल्लीत मंडप होता, मुलगा माणसांच्या पंगतीत वाढत होता. मी आत अक्कांपाशी जाऊन बसले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब केलेले. बायका उठून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मी कधी त्यासनं इंजिन दखं नही," त्या म्हणाल्या. "ना गिरणीमधलं, ना तुमनाकडलं. कसं ऱ्हास ते?"

मी सांगायला लागले. पिवळं आहे म्हटलं, खोलीएवढं, पुढे मागे दोन्हीकडे जातं. आतमधे नाना कसे बसायचे ते सांगितलं. डबे कसे लावतात ते जमिनीवरच्या दोन वाट्या सरकवून दाखवलं. अक्का वाट्यांकडे बघत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "त्यासले जमे का ते चांगलं?"

"हो," मी म्हणाले. "डब्याला डबा लागलेला कळायचा नाही."

अक्कांनी मान हलवली. बाहेर पुरुषांची शेवटची पंगत उठत होती, पत्रावळी गोळा करण्याचा आवाज येत होता.

"मंग आते कोन चालाडस?"

"मीच, अक्का."

"एकलीच?"

"हो."

त्यांनी वाट्या उचलून एकात एक घातल्या आणि बाजूला ठेवल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, जेवून घे, तुला लांब जायचं आहे. मी बाहेर जाऊन बायकांच्या पंगतीत बसले. पारोळ्यापर्यंत बसमधे उभ्याने जावं लागलं. दुसऱ्या दिवशी सिमेंटची गाडी यायची होती.